दवाखान्याचा खर्च देतो, विषय संपवा

कुत्रा चावल्याची भरपाई खरंच मिळते का, असं हल्ली मला ओळखीच्या-अनोळखी बायका वरचेवर विचारतात. मिळते. मला मिळाली. पण ती कुणी घरी आणून देत नाही, आणि पहिल्या दिवसापासून कागद जपले नाहीत तर पुढे चांगला वकीलही हतबल होतो. म्हणून जे जे करावं लागलं ते सविस्तर लिहिते आहे.

मी शिवणकाम करते. उत्तर महाराष्ट्रातल्या एका महापालिकेच्या शहरात आमचं घर आहे, पुढच्या खोलीत दोन मशीनं आहेत. ब्लाउज, फॉल-पिको, लग्नसराईत नऊवारी. मार्च २०२५ मध्ये कॉलनीतल्याच एका वहिनींनी फोन केला, तयार ब्लाउज घरी आणून द्याल का म्हणून. फाटक नुसतं लोटलेलं होतं. आत पाऊल टाकलं तर त्यांचा जर्मन शेफर्ड मोकळा. मी पिशवी पुढे केली, त्याने माझा उजवा हात पकडला. अंगठ्याच्या मुळाशी आणि मनगटावर दात खोल रुतले. वहिनी धावत आल्या, त्यांनीच त्याला ओढून काढलं, त्यांनीच नळाखाली माझा हात धरला. हे मुद्दाम लिहिते, कारण माणसं वाईट नव्हती. कुत्रा मोकळा ठेवला, एवढं मात्र खरं होतं, आणि पुढचं सगळं त्या एका गोष्टीवर उभं राहिलं.

उपचारांबद्दल थोडक्यात. चावल्यावर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची. हळद, चुना, तिखट काही भरायचं नाही. रक्त आलेली जखम तिसऱ्या श्रेणीत मोडते आणि तिला नुसती लस पुरत नाही, जखमेत आणि भोवती इम्युनोग्लोब्युलिनही (विषाणूला लगेच अडवणारी तयार प्रतिद्रव्यं) टोचावं लागतं. सरकारी रुग्णालयात लस फुकट मिळते. तिथे कातडीत देतात त्या पद्धतीत पहिली लस घेतो तो दिवस शून्य धरून मग तिसरा, सातवा आणि अठ्ठाविसावा, असे दिवस असतात. कुत्रा घरचा आहे, त्याला लस दिलेली आहे, असं कुणी कितीही सांगितलं तरी आपली लस चुकवू नका. रेबीज झाल्यावर त्याला औषध नाही. माझ्या जखमेला लगेच टाके घातले नाहीत, कारण अशी जखम शिवून बंद केली की आत पू होण्याची भीती असते. नंतर कळलं की अंगठ्याच्या टेंडनलाही, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीलाही, इजा झाली आहे. छोटं ऑपरेशन, मग फिजिओथेरपी.

आता कागद. सरकारी रुग्णालयातल्या डॉक्टरांनी केसपेपरवर फक्त ‘कुत्रा चावला’ एवढंच लिहिलं होतं. माझ्या सोबत आलेली नणंद ग्रामपंचायतीत नोकरीला आहे, तिला कागदाची जाण. तिने डॉक्टरांना विनंती करून ‘पाळीव कुत्रा, शेजाऱ्याच्या घराच्या आवारात’ असं लिहून घेतलं आणि वेळही टाकायला लावली. त्या अर्ध्या ओळीने पुढे केवढं काम केलं! चार महिन्यांनी समोरच्या वकिलांनी ‘रस्त्यावरचं कुत्रं चावलं नसेल कशावरून?’ असा सूर लावला, तेव्हा आम्ही तो केसपेपर पुढे सरकवला आणि तो मुद्दा तिथेच संपला.

त्याच संध्याकाळी नणंदेने जखमेचे फोटो काढले आणि समोरच्या बंगल्यातल्या काकांकडे जाऊन त्यांच्या कॅमेऱ्याचं चित्रण पेन ड्राइव्हवर उतरवून घेतलं. घरगुती कॅमेऱ्यांत जुनं चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं, त्यामुळे हे काम उद्यावर टाकण्यासारखं नसतं. न्यायालयात असं चित्रण द्यायचं तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ नुसार सोबत प्रमाणपत्र लागतं. ते काकांनी नंतर सही करून दिलं. त्या चित्रणात मी फाटकाशी थांबून हाक मारलेली, मग आत गेलेली, आणि कुत्र्याच्या गळ्यात साखळी नसलेली, सगळं दिसत होतं.

वहिनींचे यजमान दुसऱ्या दिवशी आमच्या घरी आले. चांगल्या शब्दांत बोलले. “दवाखान्याचा खर्च देतो, विषय संपवा,” म्हणाले. आमच्या घरातही बहुतेकांचं मत तेच होतं. एका कॉलनीत राहायचं, रोज तोंड बघायचं. पण माझ्यापुढे प्रश्न दवाखान्याच्या खर्चाचा नव्हताच. सरकारी रुग्णालयात तोवर तो फारसा झालाही नव्हता. एप्रिल-मे म्हणजे आमची सुगी. वर्षाचं घरभाडं आणि मुलीची फी त्या दोन महिन्यांत निघते. उजव्या अंगठ्याशिवाय कात्री धरता येत नाही, सुईत दोरा ओवता येत नाही, काजं-हूक तर नाहीच नाही. नोकरदार माणसाला अशा वेळी रजा असते. माझ्यासारखीला हात हीच नोकरी. ती बुडाली तिचं काय, हे कुणी विचारत नव्हतं, आणि मला ते विचारायचं होतं.

पोलीस ठाण्यात गेले तर अंमलदार म्हणाले, “एनसी लिहून घेतो, त्यांना बोलावून समज देतो.” एनसी म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद. इथे बहुतेक लोक परत फिरतात. पाळलेल्या जनावरापासून माणसाच्या जिवाला धोका किंवा गंभीर दुखापतीची शक्यता असताना पुरेशी खबरदारी न घेणं, हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. जुन्या दंड संहितेत हेच कलम २८९ होतं आणि दंड १,००० रुपये होता. मुख्य म्हणजे हा गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे एनसीवर भागवायचा नाही, गुन्हा नोंदवायचा असतो. मी लेखी अर्ज दिला, त्यात कलम लिहिलं, आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोहोच मागितली. पोहोच मागितली की बोलण्याचा सूर बदलतो, हा माझा अनुभव आहे. गुन्हा दाखल झाला. फिर्यादीची प्रत विनामूल्य मिळते, ती घेऊनच बाहेर पडा.

मग दुखापतीच्या दाखल्याचा मुद्दा आला. साधी दुखापत की गंभीर, यावर कलम ठरतं. पूर्वी माणूस वीस दिवस आपलं नेहमीचं काम करू शकला नाही तर दुखापत गंभीर धरत. नव्या संहितेच्या कलम ११६ मध्ये ही मुदत १५ दिवसांवर आली आहे. माझा हात त्याहून कितीतरी जास्त काळ पट्टीत होता. ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांनी तसं स्पष्ट लिहून दिलं आणि कलम १२५ चा गंभीर दुखापतीचा भाग लागला, ज्यात तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. डॉक्टरांकडून ‘विश्रांतीचा सल्ला’ असं मोघम लिहून न घेता कोणतं काम किती दिवस करता येणार नाही, ते लिहून घ्या.

फौजदारी खटल्याने मात्र माझ्या हातात पैसे पडणार नव्हते. दंड झाला तर तो सरकारजमा. त्यातून जखमीला भरपाई देण्याचा अधिकार न्यायालयाला आहे, पण पाच-दहा हजारांच्या दंडातून देणार काय आणि कधी? त्याच मे महिन्यात मुंबईची बातमी वाचली. वरळीच्या एका इमारतीत २०१८ साली लिफ्टमध्ये पाळीव हस्की शेजाऱ्याला चावला होता, मालकाला चार महिन्यांची कैद २०२५ मध्ये सुनावली गेली. सात वर्षं! मला माझी सुगी सात वर्षांनी भरून नको होती.

दिवाणी दाव्यासाठी वकील कुठून आणायचा, हा विचार करत असताना नणंदेनेच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं नाव काढलं. प्रत्येक जिल्हा न्यायालयाच्या आवारात त्याचं कार्यालय असतं. मला वाटलं होतं उत्पन्नाचा दाखला मागतील, तहसीलला खेटे घालावे लागतील. पण १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाच्या कलम १२ प्रमाणे महिलांना आणि बालकांना मोफत वकील मिळायला उत्पन्नाची अटच नाही. आधार कार्ड, साधा अर्ज, सोबत कागदांच्या झेरॉक्स. हे इतक्या कमी बायकांना माहीत आहे की मला त्याचा मनापासून राग येतो. मला मिळालेल्या वकील मॅडम तरुण होत्या, पण एकेक कागद त्यांनी माझ्यासमोर बसून वाचला.

त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “महिन्याला किती कमावता, आणि ते दाखवणार कशावरून?”

मी कधी आयकर विवरण भरलेलं नाही. माझ्याकडे होती वही. गिऱ्हाइकांची मापं लिहायची लांब वही, प्रत्येक पानावर वर नाव, खाली उंची, छाती, कंबर, मुंढा, गळा, बाही, आणि कोपऱ्यात तारीख, ठरलेली शिलाई, आगाऊ घेतलेली रक्कम. काही पानांना कापडाचा तुकडा टाचणीने लावलेला. मागच्या तीन वर्षांच्या वह्या मी पिशवीत घालून नेल्या. मार्चच्या शेवटापासून पुढच्या पानांवर मात्र मुलीच्या अक्षरात एकच शेरा होता, ‘कापड परत नेलं’. पानामागून पान. मॅडमनी त्या नोंदी फोनवरच्या यूपीआय जमांशी आणि पासबुकाशी जुळवून घेतल्या. चार गिऱ्हाइकांनी लिहून दिलं की आम्ही वर्षानुवर्षं यांच्याकडेच शिवतो आणि या उन्हाळ्यात आम्हाला दुसरीकडे जावं लागलं. शिवणकाम, स्वयंपाकाची कामं, मेंदी, पार्लर करणाऱ्या माझ्या सगळ्या मैत्रिणींना माझं हात जोडून सांगणं आहे, रोजची नोंद ठेवा. तुमच्या कामाचा तोच दाखला.

वहिनींच्या यजमानांना पाठवलेल्या नोटिशीत आम्ही मागणी अशी मांडली. ऑपरेशन, औषधं आणि फिजिओथेरपीचे ४६,०००. चार महिने बुडालेलं काम, महिन्याला १६,००० प्रमाणे ६४,०००. त्या काळात घरकामाला बाई ठेवावी लागली तिचे १५,०००. वेदना आणि अंगठ्यात कायमचा राहिलेला ताठरपणा यांचे १,००,०००. एकूण २,२५,०००. दरम्यान माहितीच्या अधिकारात १० रुपयांचं तिकीट लावून महापालिकेला विचारलं होतं की या पत्त्यावर कुत्र्याचा परवाना आहे का. नाही, असं उत्तर आलं. तेही जोडलं.

उत्तरात त्यांच्या वकिलांनी लिहिलं, फाटकावर ‘कुत्र्यापासून सावध’ ही पाटी होती, तरी बाई स्वतःच्या जबाबदारीवर आत आल्या. वाचून झोप उडाली. मॅडम म्हणाल्या, “उलट ही पाटी आपल्या बाजूची आहे.” पाटी लावली म्हणजे कुत्रा अंगावर येतो हे त्यांना ठाऊक होतं. ठाऊक असून फाटकाला कडी नाही, कुत्र्याला साखळी नाही, आणि मला तर त्यांनीच फोन करून बोलावलेलं. फोनची नोंद होतीच. शिवाय आदल्या वर्षी हाच कुत्रा दूधवाल्या दादांच्या अंगावर धावला होता, त्यांनी तसं लिहून दिलं. निष्काळजीपणा म्हणतात तो असा तुकड्यातुकड्यांनी सिद्ध करावा लागतो.

दावा लावण्याआधी मॅडमनी प्रकरण राष्ट्रीय लोकअदालतीत दाखलपूर्व म्हणून ठेवलं. कोर्ट फी लागत नाही. दोन्ही बाजू राजी झाल्या तर तिथे होणाऱ्या निवाड्याला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याचं बळ असतं आणि त्यावर अपील नाही. समोरच्याने पैसे बुडवले तर थेट वसुलीची दरखास्त लावता येते. गावातल्या चार प्रतिष्ठितांसमोर झालेल्या तडजोडीत आणि यात फरक आहे तो हाच.

दिवस गर्दीचा होता. बँकेची थकीत कर्जं, वीजबिलं, अपघाताचे दावे, ज्याची त्याची टेबलं. आमच्या पॅनेलवर न्यायाधीश, एक वकील आणि एक सामाजिक कार्यकर्त्या. वहिनींचे यजमान म्हणाले, “ब्लाउज शिवायचे असे कितीसे पैसे होतात, साहेब?” मी काही बोलले नाही, वही उघडून पुढे ठेवली. न्यायाधीशांनी पानं उलटली. एका पानावर थांबून त्यांनी विचारलं, “हे प्रिन्सेस कट, अस्तरासह, सहाशे पन्नास. असे दिवसाला किती होतात?” मी म्हटलं, सीझनला दोन, कधी तीन. मग त्यांनी ‘कापड परत नेलं’ची पानं मोजत मोजत पाहिली आणि वही त्या यजमानांकडे सरकवली. ते बराच वेळ वाचत राहिले. त्यातली निम्मी नावं कॉलनीतलीच, त्यांच्या ओळखीची. त्यानंतर ‘कितीसे पैसे’ हे शब्द पुन्हा आले नाहीत.

१,५०,००० वर ठरलं. निम्मे त्याच दिवशी डिमांड ड्राफ्टने, निम्मे दोन महिन्यांनी पुढच्या तारखेच्या चेकने. चेक वटला. मॅडमनी विचारलं होतं, पूर्ण रकमेसाठी दावा लढायचा का? मी नको म्हटलं, आणि ते मला आजही बरोबर वाटतं. पैसे वेळेवर आले म्हणून मुलीची फी भरता आली. फौजदारी खटला वेगळा चालू आहे. कलम २९१ आपसात मिटवता येणाऱ्या गुन्ह्यांच्या यादीत नाही, त्यामुळे तो लोकअदालतीत संपत नाही. त्यासाठी त्यांना उच्च न्यायालयात जावं लागेल, तेव्हा माझी संमती मागतील. मी देईन. त्यांनी आता फाटकाला आतून दुसरं जाळीचं दार बसवलं आहे, आणि मला तेच हवं होतं. वहिनी अजून माझ्याकडे येत नाहीत. वाईट वाटतं.

माझ्यासमोर निदान मालक होता, त्याला पत्ता होता. भटक्या कुत्र्याने चावलेल्या माणसाने कुणापुढे वही ठेवायची? लसीच्या रांगेत बसलेली माणसं मी पाहिली आहेत. हातगाडीवाले, पहाटे कामाला निघणाऱ्या बायका, शाळेतली पोरं. आमच्याच भागात निफाड-सिन्नरकडे उसातला बिबट्या माणसाला धरतो, तेव्हा वनखात्याचा पंचनामा होतो आणि शासन निर्णयाप्रमाणे पैसे मिळतात, मृत्यू झाला तर वारसांना २५ लाख. त्या शासन निर्णयातल्या प्राण्यांच्या यादीत लांडगा आहे, कोल्हा आहे, रानकुत्राही आहे. गल्लीतला कुत्रा नाही. दुसरी राज्यं नि प्रदेश काही शिकवू शकतात. केरळात सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्येच निवृत्त न्यायमूर्ती सिरी जगन यांची समिती नेमली, चावलेल्या माणसाला तिच्याकडे अर्ज करता येत असे. पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये दरच ठरवून दिले. दाताच्या प्रत्येक खुणेला किमान १०,००० रुपये, मांस निघालं असेल तर जखमेच्या दर ०.२ सेंटिमीटरला किमान २०,०००. आधी सरकारने द्यायचे, मग ज्याची चूक त्याच्याकडून वसूल करायचे. तिथल्या प्रत्येक जिल्ह्यात उपायुक्तांच्या (म्हणजे आपल्याकडच्या जिल्हाधिकाऱ्यांच्या) अध्यक्षतेखाली समिती नेमायला सांगितलं. ऑगस्ट २०२५ मध्ये दिल्लीतल्या कुत्र्यांबद्दल सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला आणि पंधरवड्याच्या आत बदलला, तेव्हा आमच्या कॉलनीच्या ग्रुपवरही कुत्र्यांना निवाऱ्यात ठेवायचं की खायला घालायचं यावर नुसती भांडणं झाली. चावलेल्याच्या बुडालेल्या मजुरीबद्दल एक ओळ कुणी लिहिली नाही. महाराष्ट्रात असा ठरलेला दर आणि ठरलेली खिडकी हवी, हे मी भेटेल त्या नगरसेवकाला सांगते आहे.

तोवर वाट आहे ती महापालिकेवरच्या दिवाणी दाव्याची, आणि ती अरुंद आहे. महापालिका अधिनियमाच्या कलम ४८७ प्रमाणे आधी लेखी नोटीस, त्यानंतर एक महिना थांबायचं, आणि घटनेपासून सहा महिन्यांच्या आत दावा दाखल करायचा. अनेकांना हे कळेपर्यंत सहा महिने उलटून गेलेले असतात. आमच्याकडे पेपर टाकणारा मुलगा पहाटे कुत्री मागे लागल्याने सायकलवरून पडला, मनगट मोडलं. चावा नाही, म्हणून त्याला वाटत होतं आपली केसच होत नाही. मी त्याला घेऊन वकील मॅडमकडे गेले. महिलांसारखी सरसकट सवलत पुरुषाला नसते, पण त्याचं उत्पन्न मर्यादेत बसलं आणि वकील मिळाला. त्या चौकातल्या कुत्र्यांबद्दल रहिवाशांनी आधी केलेल्या तक्रारींच्या नकला आम्ही गोळा केल्या, एजन्सीकडून पगाराचं पत्र घेतलं, एक्स-रे आणि केसपेपर जोडला. नोटीस गेली, तिची पोहोच आली आहे. महिना पुरा झाला की दावा दाखल होईल.